रंग वाळेपर्यंत

वाघधोंड्याच्या कन्याशाळेत बोलक्या मुलींची काही कमी नव्हती, पण दहावी ‘ब’मधली ईश्वरी ढगे बोलायला लागली की बाकीच्या आपसूक गप्प व्हायच्या. वर्षभरापूर्वी हीच ईश्वरी हजेरीला इतकं हळू ‘हजर’ म्हणायची की बाईंना तिचं नाव दोनदा घ्यावं लागायचं. मग २०४२च्या डिसेंबरात जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला, विषय ‘संविधान आणि मी’, आणि बाटलीचं बूच उडावं तसं काहीतरी झालं. ती घरी बोलायची, रिक्षात बोलायची, कुणी नसलं तर भांडी घासता घासता नळाशी बोलायची. बाई म्हणायच्या, “ढगे, मध्ये मध्ये श्वास पण घेत जा.”

त्यामुळे विज्ञानदिनाला डॉ. फरजाना तांबोळी शाळेत आल्या तेव्हा पहिल्या रांगेत कोण बसलं असेल हे सांगायला नको.

तांबोळी मॅडम विद्यापीठात रंगांवर संशोधन करायच्या. चित्रातल्या नव्हे, भिंतीच्या रंगांवर. त्यांनी टेबलावर एक स्पीकर उताणा ठेवला, त्यावर स्टीलची थाळी, थाळीत मूठभर रवा. मग माइक तोंडाशी धरून एकच सूर लांबवला. रवा थरथरला, पळाला आणि थाळीत आपोआप रांगोळी उमटली. मुली पुढे सरकल्या.

“आता समजा, या थाळीत मी पातळ डिंक ओतला आणि तो वाळेपर्यंत गात राहिले, तर?”

“रवा तसाच चिकटून बसेल,” ईश्वरी म्हणाली. हात वर करायचा असतो हे ती विसरली होती.

“बस. एवढंच माझं संशोधन आहे, बाकी सगळं मशीनचं बिल.”

मग त्यांनी नीट सांगितलं. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पारा एकोणपन्नासवर गेला होता, तेव्हापासून प्रत्येक सरकारी इमारतीला ‘गारवा रंग’ सक्तीचा झाला. त्या रंगात काचेचे पोकळ मणी असतात, मोहरीच्या एका दाण्यात हजारो मावतील इतके बारीक. ते ऊन परतवतात, म्हणून खोली थंड राहते. पण रंग ओला असतो तेव्हा हे मणी त्यात तरंगत असतात. समोर कुणी बोललं की भिंत थरथरते, आपल्याला कळत नाही इतकी, आणि मणी जागचे हलतात. रंग वाळतो तो बाहेरून आत, दुधावर साय धरते तसा. म्हणजे आधीचा आवाज वरच्या पापुद्र्यात अडकतो, नंतरचा खालच्या. लेझरने एकेक पापुद्रा वाचत गेलं की तोच आवाज पुन्हा जुळवता येतो.

“भिंत पाच तास ऐकते,” मॅडम म्हणाल्या, “आणि मग कायमची बहिरी होते. पण ऐकलेलं विसरत नाही.”

“कोणाचा आवाज आहे ते कळतं?”

“शब्द कळतात. आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो. माणूस ओळखायचा तर त्याच्या सलग पाच मिनिटं बोलण्याचा नमुना हवा, मग मशीन जुळवून सांगतं.”

“आणि हे कोर्टात चालतं?”

“गेल्या वर्षीपासून चालतं.”

ईश्वरीने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि तिची नजर तिसऱ्या बाकाकडे गेली. तो सोळा दिवस रिकामा होता. तिथे मोगरा काळे बसायची.

मोगराचा भाऊ दिलावर एकोणीस वर्षांचा होता, शेतांवर ड्रोनने फवारणी करायचा. पारधी वस्तीतला ड्रोन चालवणारा पहिला पोरगा. बारा फेब्रुवारीला, भर दुपारी, त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत तिघा पोलिसांनी त्याला जीपमध्ये घातलं. दुसऱ्या दिवशी तो कालव्याच्या कडेला सापडला, मेलेला. पोलिसांचं म्हणणं, आम्ही त्याला आणलंच नाही, पळताना पडला असेल. ठाण्याच्या नोंदवहीत त्याचं नाव नव्हतं. कॅमेऱ्यांत काही नव्हतं, कारण त्या दिवशी कॅमेरे झाकलेले होते. तेरा तारखेला पालकमंत्री यायचे होते आणि ठाण्यात रंगकाम चालू होतं.

रंगकाम. ईश्वरी तोंड उघडं ठेवूनच खाली बसली.

ते रंगकाम तिच्या पप्पांनी केलं होतं.

*

सुदाम ढग्यांना गावात कुणी ढगे म्हणत नसे. सुदाम पेंटर. हाताला स्वच्छ, जिभेला कमी. त्यांची एक खोड सगळ्या तालुक्याला माहीत होती: भिंत रंगवून झाली की ती वाळेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत. स्टुलावर बसून राहायचे आणि कुणी जवळ आलं की म्हणायचे, “भिंतीला टेकू नका, रंग ओला आहे.” मधूनमधून उठून बोटाची मागची बाजू भिंतीला लावून बघायचे. पुढच्या बाजूला घट्टे पडले होते, तिथे ओल कळत नसे.

ईश्वरी घरी आली तेव्हा ते नळाखाली रोलर पिळत होते.

“पप्पा, ठाण्यातली कोठडी तुम्हीच रंगवली ना? त्या दिवशी? बाराला?”

रोलरमधून पांढरं पाणी गळत राहिलं. “का गं?”

तिने सगळं एका दमात सांगितलं. रवा, मणी, साय, लेझर. “तुम्ही साडेबाराला हात आवरला असेल तर साडेपाचपर्यंत भिंत ऐकत होती. मोगराची आई म्हणते, तीनला नेलं त्याला. म्हणजे सगळं आत आहे, पप्पा. फक्त कुणीतरी सांगायला पाहिजे की रंग त्याच दिवशीचा आहे.”

“मी दोन हात मारलेत तिथे. काही वाचता यायचं नाही.”

“दुसरा हात कधी मारला?”

“आगं, मारला म्हणतो ना.”

स्वयंपाकघराच्या दारात कांता, तिची आई, लाटणं हातात धरून उभी होती. “अहो,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता.”

“रंगाच्या वासाने.”

“वीस वर्षं नाही आला तो वास.”

सुदामनी रोलर पुन्हा पाण्यात बुडवला, जरी तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

“तुम्हाला भीती वाटते,” ईश्वरी म्हणाली. “सरकारी काम जाईल म्हणून.”

“हां. तसंच समज.” मग रोलर पिळत, “ईशू, तुला बोलता येतं ते चांगलंय. पण सगळीकडं नको बोलू, बाळा.”

स्पर्धेतल्या भाषणाचा शेवट तिने असा केला होता: जो अन्याय पाहून गप्प बसतो त्याच्या गप्पपणाचीही नोंद होते. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांत शेवटच्या रांगेतल्या पप्पांच्याही टाळ्या होत्या, आणि हे तिला त्या संध्याकाळी राहून राहून आठवत होतं.

*

पारधी वस्तीत ती सायकलवर गेली. मोगरा दारात तांदूळ निवडत होती.

“ढगे,” ती मान वर न करता म्हणाली, “इथे माइक नाही.”

ईश्वरीला हे लागलं, पण ती बसली. यावेळी तिने हळू सांगितलं. मोगराने सूप खाली ठेवलं आणि दुसऱ्यांदा सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा आईला तिच्या बोलीत सांगितलं. आई रडली नाही. तिने एवढंच विचारलं की भिंतीतून दिलावरचा आवाज येईल का. येईल, ईश्वरी म्हणाली. बाईने मान हलवली आणि पदर डोक्यावर सारखा केला, कुणी पाहुणा येणार असल्यासारखा.

काळ्यांची केस जिल्ह्याचे खंडागळे वकील चालवत होते. बारीक अंगाचा माणूस, सतत खोकणारा. ईश्वरीने पप्पांच्या कामाच्या वहीतून वेळ उतरून आणली होती; त्यांनी तिचा जबाब लिहून घेतला: माझे वडील रंगारी आहेत, त्यांनी बारा फेब्रुवारीला सकाळी दहा ते साडेबारा कोठडीची भिंत रंगवली.

“वडिलांना विचारलंस?”

“सांगितलं.”

“विचारणं वेगळं,” ते म्हणाले, पण कागद पुढे केला. ती सही करत होती तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. “एक लक्षात ठेव. भिंत शब्द सांगेल. माणसाकडे बोट भिंत दाखवत नाही. आत असलेला एक जरी माणूस मिळाला, एकच, तर तिघांची नावं निघतील.”

त्या रात्रंदिवस खोकणाऱ्या माणसाने खरोखरच भिंत वाचायचा कोर्टाचा आदेश मिळवला. एरवी सरकारी भिंत पुढचा मंत्री येईपर्यंत कुणी रंगवत नाही, त्यामुळे ती शाबूत होती. तांबोळी मॅडमची माणसं लेझर घेऊन चार दिवस कोठडीत बसली. वाचन लखोट्यात घालून थेट कोर्टात गेलं, कुणालाही आधी न ऐकवता.

घरी सुदाम अजून कमी बोलू लागले. साक्षीच्या दिवशी मात्र त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. “मी येतो,” म्हणाले. ईश्वरीला वाटलं, पप्पांना शेवटी पटलं.

*

कोर्टाची खोली ती समजत होती त्यापेक्षा लहान होती. वरून पंखा, समोर न्यायाधीश मॅडम, बाजूला सरकारी वकील, आणि एका बाकावर ठाण्याचे इन्स्पेक्टर रणखांबे व दोन हवालदार, पायावर पाय टाकून. मोगरा आणि तिची आई पुढे. सुदाम सगळ्यात मागे.

ईश्वरी पिंजऱ्यात उभी राहिली. रंग कधी दिला, किती वाजता, हे तिने खणखणीत सांगितलं. मग न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, “ऐकवा.”

आधी नुसती घरघर. पंख्याची. मग साखळी वाजली, आणि खरंच घोंगडीतून यावा तसा एक आवाज आला.

“शर्ट काढ.”

“साहेब, नाव लिहून घ्या.” हा पोरसवदा होता. मोगराची आई उभी राहिली. “साहेब, आधी नाव तरी लिहून घ्या माझं.”

“नाव लिहा म्हणतोय.” दुसरा आवाज. तिसरं कुणीतरी हसलं. “उद्या मंत्री आल्यावर लिहू. आधी चोरलेले सोलर पॅनेल कुठं विकले ते बोल.”

त्यानंतर जे आलं ते शब्दांत नव्हतं. भिंतीवर काहीतरी आदळत होतं, आणि भिंत ते स्वतःच्या अंगावर ऐकत होती, म्हणून ते सगळ्यात स्पष्ट होतं. ईश्वरीने कठडा धरला. मोजू नये असं वाटत असताना ती मोजत गेली. नऊ. दहा. अकरा.

मग चौथा आवाज आला, थोडा लांबून, दाराच्या बाजूने.

“साहेब, भिंतीला नका लावू. रंग ओला आहे.”

“हां,” पहिला म्हणाला. “खाली घे याला. आडवा घे.”

यानंतर आवाज भिंतीपासून दूर गेले, बोथट झाले. चाळीस मिनिटं चालू राहिले. त्यात “नाव लिहा” आणखी दोनदा होतं. मग नव्हतं.

तंत्रज्ञाने बटण दाबलं. पंखा, तो खरा, फिरत होता.

“चौथा आवाज रंगाऱ्याचा असणार,” खंडागळे उठून म्हणाले.

“रंग ओला आहे हे कुणीही म्हणेल,” सरकारी वकील म्हणाले. “सफाईवालासुद्धा.”

न्यायाधीश मॅडमनी चष्मा काढला. “इथे कुणी हा आवाज ओळखतं का?”

ईश्वरीने तो पहिल्या अक्षरालाच ओळखला होता. दर दिवाळीला, घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला, शाळेच्या गॅदरिंगच्या स्टेजजवळ तिच्या मैत्रिणींना, हेच वाक्य याच चालीत म्हटलेलं तिने आयुष्यभर ऐकलं होतं. तिने मागे पाहिलं. सुदाम समोरच्या बाकाच्या पाठीला बोटाची मागची बाजू लावून बसले होते, ओल बघावी तसे. त्यांनी मान वर केली नाही.

मोगरा मात्र तिच्याकडेच बघत होती.

एकच माणूस मिळाला तर तिघांची नावं निघतील. ईश्वरीच्या डोक्यात एवढंच होतं, असं ती पुढे बराच काळ स्वतःला सांगत राहिली. पप्पा साक्षीदार होतील. पप्पा नावं सांगतील. आणि संविधान काय फक्त डिसेंबरात असतं का.

“माझे पप्पा आहेत,” ती म्हणाली. हजेरीला म्हणायची तितक्या हळू. मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

*

बाहेर कडुलिंबाखाली सुदाम बाकड्यावर बसले. कांता शेजारी, त्यांना न चिकटता.

“का नाही सांगितलं?” ईश्वरीने विचारलं.

“काय सांगणार? मी दारात स्टुलावर होतो. रणखांबे म्हणाले, बस तिथंच, तुझं काम कर. माझं काम म्हंजे भिंत. ‘मारू नका’ म्हणायचं होतं, ईशू. ओठापर्यंत आलं होतं. पण मी कोण? मग मला रंग आठवला. रंगाबद्दल बोलायचा मला अधिकार होता ना तिथं. वाटलं, रंगाच्या नावानं तरी थांबतील.”

“आणि ते थांबले नाहीत.”

“भिंतीवरनं खाली घेतलं.”

कांताने विचारलं, “तुम्हाला नक्की त्याच्यासाठी वाटलं, का रंगासाठी?”

“तेव्हा माहीत होतं,” ते म्हणाले. “आता इतक्यांदा आठवलंय की कळेना झालंय.”

*

पुढचं सगळं अगदी कायद्याप्रमाणे झालं.

भिंतवाचन कोर्टात चालू लागल्यावर सहा महिन्यांत सरकारने एक नियम केला होता. कुठल्याही सरकारी नोकराच्या आवाजाचा नमुना घ्यायचा तर आधी सरकारची मंजुरी हवी, नाहीतर उठसूट कुणीही अधिकाऱ्यांना त्रास देईल. त्यामुळे रणखांबे आणि दोन हवालदारांच्या नमुन्यांसाठी अर्ज मंत्रालयात गेला. सुदाम पेंटर सरकारी नोकर नव्हते. त्यांचा नमुना त्याच दुपारी घेतला गेला. पाच मिनिटं काय बोलायचं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी भिंतीला पुट्टी कशी भरतात ते सांगितलं. मशीनने शंभरात अठ्ठ्याण्णव जुळवलं आणि त्यांना अटक झाली.

दिलावरचा नमुना तर मिळणारच नव्हता. मोगराकडे त्याचे मोबाइलमधले तुकडे होते, सगळ्यात लांब अकरा सेकंदांचा: “मोगरे, दार उघड, भिजलोय गं, ड्रोन पण भिजलाय.” सलग पाच मिनिटं तो कधी बोललाच नव्हता. आणि कोठडीत तो नाव लिहा, नाव लिहा म्हणत राहिला, पण नाव काही त्याने उच्चारलं नाही.

आरोपपत्र आलं तेव्हा खंडागळ्यांनी ते ईश्वरी आणि कांतासमोर वाचलं. वाचता वाचता त्यांचा खोकला थांबला. एका अनोळखी इसमास अनोळखी इसमांनी मारहाण केली. आरोपी क्रमांक एक, सुदाम किसन ढगे, याने त्या दिवशी सकाळी स्वतःच्या हाताने कॅमेरे वर्तमानपत्राने झाकले. काम संपूनही पाच तास तो घटनास्थळी थांबला. त्याने पीडिताला भिंतीवरून खाली घेण्याची सूचना केली व ती अमलात आली.

“कॅमेऱ्यावर रंग उडू नये म्हणून झाकतात,” ईश्वरी म्हणाली. “सगळेच पेंटर झाकतात. आणि ते नेहमीच थांबतात, वाळेपर्यंत. सगळ्या गावाला माहितीये.”

“हो.”

“मग पप्पा सांगतील ना कोण कोण होतं. त्यांनी पाहिलंय.”

“साक्षीदार म्हणून सांगितलं असतं तर वजन होतं. आता ते आरोपी आहेत. आरोपी दुसऱ्याचं नाव घेतो ते स्वतःला सोडवायला, असं धरतात. माफीचा साक्षीदार करा म्हणून मी अर्ज दिला होता, सरकारने विरोध केला.” त्यांनी कागद मिटला. “अनोळखी माणसांनी एका अनोळखी माणसाला मारलं, पोरी. ओळखीचा फक्त पेंटर निघाला.”

ईश्वरी बोलली. अजूनही बोलली. मानवी हक्क आयोगाला, विधानभवनाला, तीन वर्तमानपत्रांना लिहिलं. एका वाहिनीवर चार मिनिटं बोलली आणि मधल्या दोन मिनिटांत खाली गारवा रंगाची जाहिरात फिरत होती. उत्तरं आली, सगळ्यांची भाषा एकच: आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे. मंजुरीची फाइल कुठवर आली हे मोबाइलवर बघता येत असे. ती रोज शाळेत जाताना बघायची. विचाराधीन. परीक्षा झाली, निकाल लागला, अकरावी सुरू झाली. विचाराधीन. रणखांब्यांची बदली झाली, बढतीवर.

मग एक परिपत्रक निघालं. आरोग्याच्या दृष्टीने राज्यातील सर्व कोठड्या व कारागृहांच्या भिंती दर पंधरा दिवसांनी घासून नव्याने रंगवाव्यात. तांबोळी मॅडमनी ईश्वरीला निरोप पाठवला होता, दोनच ओळींचा. त्यांच्या प्रयोगशाळेला आता न ऐकणारा रंग तयार करायला सांगितलं होतं. आणि त्या नाही म्हणू शकल्या नव्हत्या, कारण तिथे अकरा पोरांच्या पीएच्‌. डी. अडकल्या होत्या.

*

मोगरा शाळेत परत आली नाही. एकदा तारखेला कोर्टाच्या पायरीवर भेटली. दोघी एकाच पायरीवर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा ठेवून.

“तुझा बाप वाईट नाही,” मोगरा म्हणाली. “आय पण म्हणती. पण भावाला भिंतीवरनं खाली घेतलं ते त्याच्याच शब्दावर.”

“माहितीये.”

“तू खरं बोललीस. मी असते तर बोलले असते का, सांगता येत नाही.” तिने चपलेचा अंगठा नीट केला. “उपयोग काय झाला?”

ईश्वरीकडे या प्रश्नाला साडेसात मिनिटांचं एक भाषण होतं, चषक मिळालेलं. तिने ते केलं नाही.

“अनोळखी इसम लिहिलंय,” मोगरा म्हणाली. “आधी त्याचं नाव वहीत नव्हतं, आता कोर्टाच्या कागदात पण नाही. एवढं एकच मागत होता तो.”

*

पप्पांचा जामीन तिसऱ्यांदा फेटाळल्यावर ईश्वरी एकटीच मुलाखतीला गेली. सकाळचे अकरा वाजले होते. कारागृहाच्या भेटीच्या खोलीत मधोमध जाळी, अलीकडे बाकडं, पलीकडे बाकडं, आणि जाळीच्या अलीकडून पलीकडे जाणारी एक लांब भिंत, झगझगीत पांढरी.

सुदाम बारीक झाले होते. हाताला पांढरे ठिपके होते.

“तुम्हाला इथेही कामाला लावलं?”

“परिपत्रक आलंय ना. दर पंधरा दिवसांनी. इथं माझ्याइतका हात दुसऱ्या कुणाचा बसत नाही.” हे म्हणताना त्यांना जरासा अभिमान वाटला, आणि वाटला म्हणून लाज वाटली, हे तिला दोन्ही दिसलं.

ती कागद घेऊन आली होती. दोन्ही बाजूंनी लिहिलेला. नवा अर्ज, उच्च न्यायालय, पुण्याच्या एक वकीलबाई, मम्मीचं शिवणकाम, सगळं. तिने तोंड उघडलं. सुदामनी हात वर केला, बोटाची मागची बाजू भिंतीला टेकवली आणि काढून तिला दाखवली. बोटावर पांढरा डाग.

“बोलू नको,” ते म्हणाले. “ओला आहे.”

वीस मिनिटांची भेट असते. पहिली बारा मिनिटं दोघं तशीच बसून राहिली. ईश्वरी ढगे, जिल्ह्यात पहिली, मांडीवर कागद धरून गप्प बसली होती. जाळीपलीकडे शिपाई मोबाइल बघत होता.

मग ती उठली. भिंतीच्या इतकी जवळ गेली की नाकाला रंगाचा वास झोंबला. हजेरीच्या आवाजात, पण अक्षर न अक्षर वेगळं करत, ती म्हणाली, “दिलावर सुरेश काळे. वय एकोणीस. पारधी वस्ती, वाघधोंडा. बारा फेब्रुवारी दोन हजार त्रेचाळीस, दुपारी तीन.”

सुदाम तिच्याकडे बघत राहिले. मग तेही उठले, आपल्या बाजूने भिंतीशी गेले आणि तीन नावं घेतली. हुद्द्यांसकट. कोण कुठे उभा होता, कुणाच्या हातात काय होतं, हेही. स्वतःचं नाव शेवटी घेतलं. म्हणाले, हा दारात होता.

“ए, काय पुटपुटताय भिंतीला?” शिपाई ओरडला. “चला, वेळ झाली.”

पंधरा दिवसांनी ती भिंत घासायची होती. घासपेपर सुदामच मारणार होते.